एएफएल 2023: चाहत्यांचे न संपणारे वाद आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग म्हणजे एएफएल. तिचा 2023 चा हंगाम संपून बराच काळ लोटला, तरी मेलबर्नमध्ये चार फुटीप्रेमी (या खेळाला इथे लाडाने 'फुटी' म्हणतात) एकत्र आले की गाडी त्याच हंगामावर येते. इथे नव्याने आलेले मराठी लोक आणि भारतातले खेळवेडे मित्र मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो: मी मेलबर्नमधल्याच कॉलिंगवूड क्लबचा समर्थक आहे. जिथे माझं मत आहे तिथे ते ठामपणे मांडलंय, आणि जिथे समोरच्यांची बाजू खरी आहे तिथे तीही मान्य केली आहे.

इतक्या हंगामांतून 2023 चीच चर्चा का?

कारण हा हंगाम अक्षरशः एकेका गुणावर फिरला. कॉलिंगवूडने बाद फेरीत तीन सामने जिंकले. मेलबर्नला 7 गुणांनी, ग्रेटर वेस्टर्न सिडनीला 1 गुणाने आणि अंतिम सामन्यात ब्रिस्बेन लायन्सला 4 गुणांनी हरवलं. तिन्ही सामन्यांतला फरक मिळून 12 गुण होतो, म्हणजे फक्त दोन गोल. त्याच बाद फेरीत कार्लटनने मेलबर्नला 2 गुणांनी घरी पाठवलं. त्याआधी ॲडलेडचा संघ पंचांच्या एका चुकीमुळे 1 गुणाने हरला होता. ज्या खेळात दोन्ही संघ मिळून सहज दीडशेच्या वर गुण करतात, तिथे फरक एवढासा राहिला की प्रत्येक निर्णयाची चिरफाड होणारच. हरलेल्याला वाटतं आपल्याला लुटलं, आणि जिंकलेल्याला आयुष्यभर सांगत बसावं लागतं की आम्ही नशिबाने जिंकलो नाही.

अंतिम सामन्यात ब्रिस्बेनने जास्त गोल केले होते ना? मग ते हरले कसे?

हो, खरं आहे. 30 सप्टेंबर 2023 रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर (एमसीजी), 1,00,024 प्रेक्षकांसमोर, कॉलिंगवूडने 12 गोल आणि 18 बिहाइंड केले, ब्रिस्बेनने 13 गोल आणि 8 बिहाइंड. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने थेट गेला तर गोल, त्याचे 6 गुण. बाजूच्या खांबांतून गेला, मधल्या खांबाला घासला किंवा बचाव करणाऱ्याचा हात लागून आत गेला तर बिहाइंड, त्याचा 1 गुण. हिशोब झाला 90 विरुद्ध 86.

"गोल जास्त आणि तरी हार, हा कुठला न्याय?" हे ब्रिस्बेनच्या चाहत्यांकडून मी अनेकदा ऐकलंय. 1897 च्या आधी बिहाइंड नोंदवले जात, पण निकालात धरले जात नसत. गोलला 6 आणि बिहाइंडला 1 ही पद्धत त्या वर्षी व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या (एएफएलचं जुनं नाव) पहिल्या हंगामात आली. माझ्या मते ती बदलायची काहीही गरज नाही. कॉलिंगवूडने त्या दिवशी 30 वेळा गुण मिळवले, ब्रिस्बेनने 21 वेळा. चेंडू जास्त वेळा समोरच्याच्या खांबांपर्यंत नेणाऱ्या संघाला त्या मेहनतीचं काहीतरी मिळायला हवं. हो, 18 बिहाइंड म्हणजे नेम वाईट होता, हेही खरं. नेम बरा असता तर शेवटची पाच मिनिटं एवढा जीव टांगणीला लागला नसता.

कॉलिंगवूड नशिबाने जिंकलं, असं इतके लोक का म्हणतात?

हा आरोप 2022 पासूनचा आहे. 2021 मध्ये कॉलिंगवूड अठरा संघांत सतराव्या क्रमांकावर होतं. मग क्रेग मॅक्रे प्रशिक्षक झाले आणि 2022 मध्ये संघ एकामागून एक सामने जिंकत सुटला, त्यातले कित्येक शेवटच्या मिनिटांत. तेव्हा सगळे म्हणाले, हे टिकणार नाही. त्या वर्षी उपांत्य सामन्यात सिडनीने 1 गुणाने हरवलं, तेव्हा हेच लोक म्हणाले, बघा, सांगितलं होतं.

2023 मध्ये मात्र संघ साखळीत 18 सामने जिंकून पहिल्या क्रमांकावर राहिला. अटीतटीचे सामने सतत एकाच बाजूला झुकत असतील, तर त्यामागे तयारी असते. शेवटच्या दोन मिनिटांत काय करायचं, याचा हा संघ सरावात मुद्दाम अभ्यास करत असे. अंतिम सामन्याचा शेवट पुन्हा नीट पाहा. चार्ली कॅमरनच्या गोलने ब्रिस्बेन पुढे गेलं. जॉर्डन डी गोईने आघाडी परत घेतली. मग स्टील साइडबॉटमने पन्नास मीटरच्याही पलीकडून मारलेला चेंडू थेट आत गेला. जो डॅनिहरच्या गोलने फरक पुन्हा 4 वर आला, तेव्हा दीड मिनिटाच्या आसपास वेळ उरला होता. त्या शेवटच्या मिनिटांत कॉलिंगवूडचे खेळाडू घाबरलेले दिसत नाहीत. कोणी चेंडूमागे सैरावैरा धावत नाही, प्रत्येक जण आपल्या माणसाला धरून आहे. याला मी नशीब म्हणायला तयार नाही.

आणि तो "ॲडव्हांटेज"चा निर्णय?

इथे ब्रिस्बेनची बाजू मला पटते. शेवटच्या त्याच दीड मिनिटात ब्रिस्बेनच्या लॅकी नीलला उंच टॅकल झाला, म्हणजे खांद्याच्या वर पकडलं गेलं, आणि ब्रिस्बेनला फ्री किक मिळाली. पण चेंडू त्याचा सहकारी झॅक बेलीकडे गेला होता आणि त्याने तो पुढे मारला, म्हणून पंचांनी खेळ न थांबवता ॲडव्हांटेज दिला. ब्रिस्बेनच्या हाती काही लागलं नाही. खेळ थांबला असता तर नीलला शांतपणे उभं राहून, पुढे कोण मोकळं आहे ते बघून चेंडू पाठवता आला असता.

नियमाच्या चौकटीत निर्णय बसवता येतो. पण ज्या संघाला फायदा मिळायला हवा त्यालाच तोटा झाला, आणि शिट्टी वाजल्यावर खेळाडू थांबला की चालू राहिला हे गोंगाटात कळत नाही. तो आवाज तुम्ही एमसीजीवर कधी ऐकला असेल तर कळेल मी काय म्हणतोय ते. त्या फ्री किकवर ब्रिस्बेन जिंकलंच असतं असं नाही, पण त्यांची हळहळ खरी आहे. तिला रडगाणं म्हणणाऱ्या आमच्या लोकांचं मला पटत नाही.

अंतिम सामना नेहमी एमसीजीवरच का? हा इतर राज्यांवर अन्याय नाही का?

अन्याय आहे. करारानुसार अंतिम सामना 2059 पर्यंत एमसीजीवरच होणार आहे. कोविडच्या काळात 2020 मध्ये तो ब्रिस्बेनच्या गॅबावर आणि 2021 मध्ये पर्थला झाला, ते अपवाद. कॉलिंगवूडचं एमसीजी हे घरचंच मैदान. ब्रिस्बेनला मात्र हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून यावं लागतं.

2023 मध्ये ब्रिस्बेन गॅबावर एकही सामना हरलं नाही, आणि साखळीत त्यांनी कॉलिंगवूडला दोन्ही वेळा हरवलं होतं. आपल्या लोकांना गॅबा वेगळ्या कारणाने माहीत आहे: जानेवारी 2021 मध्ये अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली भारताने ऑस्ट्रेलियाला जिथे नमवलं तेच हे मैदान. हिवाळ्यात तिथे लायन्स खेळतात. अंतिम सामना तिथे असता तर निकाल वेगळा लागला असता का? लागू शकला असता, हे मी कॉलिंगवूडचा असूनही मान्य करतो.

तरीही एक लाख लोकांची सोय दुसरीकडे कुठे होत नाही, आणि या खेळाचे पहिले नियम 1859 मध्ये मेलबर्नमध्येच लिहिले गेले. क्रिकेटपटूंना हिवाळ्यात तंदुरुस्त राहता यावं म्हणून खेळ सुरू करा, असं सुचवणारा टॉम विल्स हा स्वतः क्रिकेटपटू होता. भावना एका बाजूला, न्याय दुसऱ्या बाजूला, असा हा प्रश्न आहे, आणि माझं मन भावनेकडे झुकतं.

ॲडलेडच्या बाबतीत नेमकं काय झालं?

या हंगामातली सगळ्यात मोठी चूक, आणि ती भरून निघालीच नाही.

ऑगस्टमध्ये, साखळीच्या शेवटून दुसऱ्या फेरीत, ॲडलेड ओव्हलवर ॲडलेड विरुद्ध सिडनी सामना होता. शेवटच्या मिनिटांत ॲडलेडच्या बेन कीजने मारलेला चेंडू खांबांतून आत गेला आणि खेळाडू आनंदाने नाचू लागले. गोल पंचाने मात्र चेंडू खांबाला लागल्याचं सांगून बिहाइंड दिला. टीव्हीवर लगेच स्पष्ट दिसलं की चेंडू खांबाला शिवलाही नव्हता. तपासणीची यंत्रणा उपलब्ध होती, पण ती कोणी वापरलीच नाही. 6 गुणांच्या जागी 1 मिळाला आणि ॲडलेड 1 गुणाने हरलं. लीगचे तेव्हाचे प्रमुख गिलन मॅकलॅकलन यांनी दुसऱ्या दिवशी चूक जाहीरपणे कबूल केली, पण निकाल कायम राहिला.

आता गुणतक्ता पाहा. सिडनी 50 गुणांसह आठवं आलं आणि बाद फेरीत गेलं. ॲडलेड 44 गुणांसह दहावं राहिलं. विजयाचे 4 गुण असतात. बाकी सगळे निकाल तसेच धरले आणि हा एक सामना फिरवला तर सिडनी 46 वर येतं आणि ॲडलेड 48 वर जातं. 48 वरच असलेल्या वेस्टर्न बुलडॉग्जपेक्षा ॲडलेडची टक्केवारी (केलेल्या आणि दिलेल्या गुणांचं प्रमाण) सरस होती, म्हणजे बाद फेरीची शेवटची, आठवी जागा त्यांची होती. कीजचा गोल दिला असता तरी उरलेल्या वेळात सिडनीला पुन्हा गोल करता आला असता, हा युक्तिवाद मी ऐकलाय. असेल. पण तो प्रयत्न करायची वेळ सिडनीवर आली नाही, हीच तर तक्रार आहे.

त्या पंचाला उरलेल्या हंगामात काम दिलं गेलं नाही. मला ते खटकतं. एका माणसाच्या डोळ्यांनी चूक केली, पण सोय असूनही न वापरणारी व्यवस्था लीगची होती. त्या पंचाला समाजमाध्यमांवर शिव्या देणाऱ्यांशी माझं अजिबात जमणार नाही.

मेनार्ड आणि ब्रेशॉची टक्कर: मेनार्डला शिक्षा व्हायला हवी होती का?

हा प्रश्न मला सगळ्यात कठीण वाटतो. कॉलिंगवूड-मेलबर्न सामन्यात अँगस ब्रेशॉने चेंडूला लाथ मारली. तो अडवायला ब्रेडन मेनार्डने पुढून उंच उडी घेतली आणि खाली येताना त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. ब्रेशॉ जागीच बेशुद्ध झाला. त्याच्या डोक्याला याआधीही मार बसले होते, आणि तो शिरस्त्राण घालून खेळायचा.

प्रकरण शिस्तपालन न्यायाधिकरणापुढे गेलं आणि मेनार्ड निर्दोष सुटला. आमच्याकडचे लोक म्हणाले, चेंडू अडवायला मारलेली उडी होती, हवेत माणूस दिशा कशी बदलणार? मेलबर्नचे लोक म्हणाले, उडी मारायची की नाही हे तर त्याच्याच हातात होतं. त्या वेळच्या नियमांनुसार मेनार्ड सुटला ते बरोबर, असं मला वाटतं. पण फेब्रुवारी 2024 मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने ब्रेशॉला वयाच्या 28 व्या वर्षी निवृत्त व्हावं लागलं. लीगने नंतर नियम बदलून अशा उडीची जबाबदारी उडी मारणाऱ्यावर टाकली, हे फार आधी व्हायला हवं होतं. आमचा बचावपटू नेथन मर्फी अंतिम सामन्यात डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि पुढच्याच वर्षी त्यालाही खेळ सोडावा लागला. "पूर्वीसारखा खेळ राहिला नाही" असं म्हणणाऱ्या जुन्या प्रेक्षकांनी ही दोन नावं आठवावीत.

कार्लटनच्या चाहत्यांनी प्रशिक्षकाला हाकला म्हणून मागणी केली होती, हे खरं का?

खरं आहे. हंगामाच्या मध्यावर संघ पंधराव्या क्रमांकापर्यंत घसरला होता आणि मायकल वॉस यांना काढा, अशी ओरड जोरात होती. क्लबने ऐकलं नाही. मग कार्लटनने सलग नऊ सामने जिंकले, 2013 नंतर पहिल्यांदा बाद फेरी गाठली, सिडनीला 6 गुणांनी आणि मेलबर्नला 2 गुणांनी हरवलं. दुसऱ्या सामन्यात अगदी शेवटी ब्लेक एकर्सने केलेला गोल कार्लटनचा माणूस जन्मभर सांगणार. पुढे उपांत्य फेरीत गॅबावर ब्रिस्बेनने त्यांना रोखलं.

कार्लटन म्हणजे आमचं जुनं वैर. तरी त्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या लोकांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून बरं वाटलं.

ब्राउनलो पदक कॉलिंगवूडच्या निक डेकोसला मिळायला हवं होतं का?

हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं हे पदक पंचांच्या मतांवर ठरतं. प्रत्येक साखळी सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना 3, 2 आणि 1 मत देतात. 2023 मध्ये लॅकी नीलला 31, वेस्टर्न बुलडॉग्जच्या मार्कस बॉन्टेम्पेलीला 29 आणि डेकोसला 28 मतं मिळाली. डेकोस गुडघ्याच्या दुखापतीमुळे साखळीतले शेवटचे सामने खेळलाच नाही. खेळला असता तर जिंकला असता, असं आम्ही सगळे मानतो. पण मैदानावर नसलेल्याला मतं कशी मिळणार? मला विचाराल तर बॉन्टेम्पेलीवर जास्त अन्याय झाला.

सगळे कॉलिंगवूडचा एवढा राग का करतात?

मोठा क्लब, एक लाखाच्या वर सदस्य, घसा फाटेपर्यंत ओरडणारे समर्थक, आणि टीव्हीवर सगळ्यात चांगल्या वेळा. मूळचा हा कामगार वस्तीतला क्लब, म्हणून जुन्या काळी श्रीमंत वस्त्या त्याला नाकं मुरडायच्या. 2023 चं अजिंक्यपद सोळावं होतं, त्याने कार्लटन आणि एसेंडनच्या विक्रमाशी बरोबरी झाली, म्हणजे रागात भरच पडली.

पण या संघातली माणसं पाहा. कर्णधार डार्सी मूरचे वडील पीटर मूर हेही कॉलिंगवूडचे कर्णधार होते. निक आणि जॉश हे डेकोस बंधू क्लबचे जुने खेळाडू पीटर डेकोस यांचे मुलगे. प्रशिक्षक मॅक्रे 2002 आणि 2003 मध्ये ब्रिस्बेनकडून खेळताना अंतिम सामन्यात कॉलिंगवूडलाच हरवणाऱ्या संघात होते. 2023 च्या अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांना मुलगी झाली आणि दुपारी ते मैदानावर हजर होते. चार गोल करून सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक घेणाऱ्या बॉबी हिलवर आदल्याच वर्षी कर्करोगाचे उपचार झाले होते. एवढं कळल्यावरही कोणाला राग करायचा असेल तर करू दे.

मैदानावर वर्णद्वेषी शेरेबाजी होते का? आपल्यासारख्यांनी जावं का?

जावं, कुटुंबासह जावं. दोन्ही संघांचे लोक शेजारी शेजारी बसतात आणि लहान मुलं भरपूर असतात. पण प्रश्न खोटा नाही. मार्च 2023 मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जचा तरुण ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाचा मूळनिवासी) खेळाडू जमारा उगल-हेगन याला प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. पुढच्याच सामन्यात त्याने ब्रिस्बेनविरुद्ध पाच गोल केले. पहिल्या गोलनंतर जर्सी वर करून त्याने आपल्या कातडीकडे बोट दाखवलं. 1993 मध्ये सेंट किल्डाच्या निकी विन्मारने हेच केलं होतं, आणि तेही आमच्या कॉलिंगवूडच्या व्हिक्टोरिया पार्कवर, आमच्या प्रेक्षकांसमोर. तीस वर्षांनी तीच कृती पुन्हा करावी लागते, याची प्रत्येक चाहत्याला लाज वाटली पाहिजे. शेजारच्या खुर्चीवरून असं काही कानावर आलं तर गप्प बसू नका, मैदानावरच्या कर्मचाऱ्यांना सांगा.

सामन्यांचं वेळापत्रक पक्षपाती असतं का?

समान तर नक्कीच नसतं. अठरा संघ, प्रत्येकाला 23 सामने. म्हणजे सगळ्यांशी एकदा आणि सहा जणांशी दोनदा. ते सहा कोण, यावर बरंच अवलंबून असतं. 2023 मध्ये पहिल्यांदा झालेली गॅदर राउंड, म्हणजे एका आठवड्याचे नऊही सामने ॲडलेड आणि आसपास, ही कल्पना मात्र चाहत्यांना मनापासून आवडली.

तळाच्या संघांचं काय?

वेस्ट कोस्ट आणि नॉर्थ मेलबर्न, दोघांचे तीन-तीन विजय. सिडनीने वेस्ट कोस्टला 205 विरुद्ध 34 असं, 171 गुणांनी धुतलं. नॉर्थ मेलबर्न सलग वीस सामने हरून शेवटच्या फेरीत जिंकलं. त्या संघांचे जे लोक तरीही दर आठवड्याला मैदानावर येत राहिले, त्यांच्याबद्दल मला खूप आदर आहे.

महिलांचा हंगाम कसा होता?

उत्तम. त्याच वर्षी 3 डिसेंबरला ब्रिस्बेनच्या महिला संघाने नॉर्थ मेलबर्नला 44 विरुद्ध 27 असं हरवून अजिंक्यपद मिळवलं.

भारतातून सामने पाहायला वेळ जुळते का?

छान जुळते. दुपारी अडीचला सुरू होणारा अंतिम सामना भारतात शनिवारी सकाळी दहाला दिसतो. रात्रीचे सामने आपल्याकडे दुपारी येतात.

ब्रिस्बेन त्या हारीतून सावरलं का?

सावरलं, आणि कसं! 2024 मध्ये त्यांनी अंतिम सामन्यात सिडनीला 60 गुणांनी हरवलं, 2025 मध्ये जीलाँगला 47 गुणांनी. दोन्ही एमसीजीवरच. त्यांचे प्रशिक्षक क्रिस फेगन स्वतः या पातळीवर कधी खेळाडू म्हणून उतरले नव्हते. 2023 ची हार पचवून हाच संघ त्यांनी पुन्हा उभा केला, म्हणून आज ब्रिस्बेनचा माणूस ॲडव्हांटेजचा विषय काढतो तेव्हा त्याच्या आवाजात पूर्वीचा कडवटपणा नसतो. ॲडलेडच्या माणसासमोर मात्र कीजचं नाव अजूनही जपून घ्या.